मामांचं आर्सेनिक आणि बांगड्याचं हुमण

नमस्कार मंडळी. रक्तातलं, लघवीतलं शिसं नि आर्सेनिक मोजतात ना, त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. मशीन नंतर, सॅम्पल आधी. परत सांगते, सॅम्पल आधी.

आता आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या मामांचं ऐका. पायाला मुंग्या यायच्या, डॉक्टरांनी लघवीत आर्सेनिक बघायला सांगितलं. रिपोर्ट आला तो भलताच वर! मामी रडायला लागली, मामांना विहिरीच्या पाण्याचा संशय, शेजाऱ्याशी तर बोलणंच बंद. मला रात्री फोन. मी इतकी वर्षं लॅबमध्ये काढलेली, पहिला प्रश्न हाच की मामा, आदल्या दिवशी जेवलात काय? तर म्हणे आषाढ ना गो, रोज हुमण (आमची माशाची आमटी हो), त्या दिवशी बांगडे आणि वर सुंगटं, म्हणजे कोळंबी. झालं! नुस्त्यात, म्हणजे माशात, आर्सेनोबीटेन असतं, ते आर्सेनिकच, पण निरुपद्रवी, लघवीवाटे निघून जातं. साधी टेस्ट सगळं आर्सेनिक एकत्रच मोजते, विषारी किती नि माशातलं किती ते वेगळं करून बघावं लागतं. टेस्टआधी तीनचार दिवस नुस्तं बंद, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. (आणि हुमणात तिरफळं घालत नाहीत त्यांच्याकडे मी जेवत नाही, हे जाता जाता.)

शिशाचंही तेच. बोट टोचून रक्त काढलं तर बोटावरची धूळही मोजली जाते, म्हणून आकडा जास्त आला की शिरेतून परत घ्यायचं. अमेरिकेत सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाचा काळजीचा आकडा ५ वरून ३.५ मायक्रोग्रामवर आणला, एका डेसिलिटरमागे हं, एवढ्याशा हिशोबात धुळीचा कणसुद्धा जड. जस्त मोजायचं तर साध्या ट्यूबचं रबरी बूचच जस्त सोडतं, त्यासाठी गडद निळ्या झाकणाची वेगळी ट्यूब मिळते. ती मागा, लाजू नका. सॅम्पल आधी!

तर मामांची टेस्ट परत केली श्रावणात, घरात तेव्हा सुकी सुंगटंसुद्धा नव्हती. आर्सेनिक नॉर्मल. मुंग्यांचं कारण निघालं डायबिटीस, साखर आहे म्हटल्यावर मुंग्या येणारच की! मामांनी रिपोर्टची घडी केली, खिशात घातली आणि मामीला विचारलं, गणपतीची चवथ कधी गो संपते?