बेटी हटनमागची पर्ल व्हाइट

(रंगीत: कारखाना, शिवणयंत्रांची रांग)

शिवणयंत्रांची खडखड आणि त्या तालावर गाणारी बेटी हटन. १९४७ साली पॅरामाउंटने काढलेला हा ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’. दिग्दर्शन जॉर्ज मार्शल यांचं, गाणी फ्रँक लेसर यांची. हटन इथे पर्ल व्हाइट झाली आहे. मूकपटांच्या काळात जगभर लोक जिच्यासाठी तिकिटं काढायचे, ती पर्ल व्हाइट.

आता हा स्टुडिओ पाहा. एका छपराखाली शेजारी शेजारी सेट, प्रत्येकावर वेगळा चित्रपट. ध्वनिमुद्रण नव्हतंच, त्यामुळे एकाच्या गोंगाटाचा दुसऱ्याला त्रास नाही. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा, आणि तो फिरत असतानाच दिग्दर्शकाने ओरडून सूचना द्यायच्या. चित्रपटात मूकपटांच्या जमान्यातले खरे कलाकारही आहेत. त्यातला एक पॉल पॅन्झर, १९१४ च्या मूळ मालिकेतला खलनायक.

(कृष्णधवल: फुगा, कडा)

आणि ही खुद्द पर्ल. पाथे या चित्रपट कंपनीची १९१४ ची ती मूळ मालिका, २० भाग. लग्नाआधी धाडसं करून बघायची म्हणणारी पॉलिन, आणि तिच्या वारशावर डोळा ठेवून असलेला माणूस. चित्रण न्यू जर्सीत, फोर्ट लीच्या परिसरात. फुग्याच्या दोरावरून ती कड्यावर उतरतेय, नीट बघा. सुरुवातीच्या वर्षांत अशी बरीच कामं ती स्वतः करायची. मणक्याला इजा झाली, ते दुखणं जन्मभर राहिलं.

हटनच्या रंगीत चित्रपटात पर्लला एक प्रियकर आहे, तो पटकथेतला. खऱ्या पर्लची दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली.

म्हणूनच तिला शोधायचं तर या ओरखडे पडलेल्या फिल्मपाशीच यावं लागतं. तीही पुरी नाही. युरोपसाठी ९ भागांत जुळवलेली प्रत तेवढी उरली. पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या इंग्रजीतून फ्रेंचमध्ये गेल्या, तिथून पुन्हा इंग्रजीत आल्या. खलनायकाचं नावसुद्धा बदललं. जपायला हवं होतं हे. मुंबईत वाडिया बंधूंनी १९३५ च्या ‘हंटरवाली’त नादियाच्या हाती चाबूक दिला, त्यामागे अशाच मालिकांचं वेड होतं. आपले बहुतेक मूकपटही असेच गेले.

(पासी दफनभूमी, पॅरिस)

पर्ल व्हाइट, १९३८. वय ४९.

(पुन्हा फुगा, कडा. पूर्ण तुकडा, निवेदन नाही.)