थीब्जचे पंधरा म्हातारे

[दृश्य : टेकडीवरचं दगडी नाट्यगृह, सकाळचं ऊन]

सिसिलीच्या आग्नेय भागातलं पालात्सोलो आक्रेइदे. गावावरच्या टेकडीत प्राचीन आक्राई नगराचं हे ग्रीक नाट्यगृह आहे. सहाशेच्या आसपास माणसं बसतील, एवढंच. १९९१ साली सुरू झालेला शाळकरी मुलांचा अभिजात नाट्यमहोत्सव इथे मे महिन्यात भरतो. तो भरवते सिसिलीतल्याच सिराक्यूज शहराची प्राचीन नाटकांची राष्ट्रीय संस्था. १९१४ मध्ये सिराक्यूजच्या विशाल थिएटरात ‘अगामेम्नॉन’ हे ग्रीक नाटक झालं, तेव्हापासूनची तिची परंपरा. त्या रंगमंचावर व्यावसायिक नट उभे राहतात, त्याच मोसमात इथे मुलं उभी राहतात.

आज ‘अँटिगनी’. राजा क्रेऑनच्या हुकुमानं भावाचं प्रेत उघड्यावर पडलंय. बहीण अँटिगनी त्याच्यावर माती टाकते आणि मरणाची शिक्षा ओढवून घेते. ग्रीक नाटककार सोफोक्लीसनं हे रचलं इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमारास.

अँटिगनी करणाऱ्या मुलीची फारशी चिंता नाही. अन्यायावर भडकायला सोळाव्या वर्षी कुणी शिकवावं लागत नाही. खरी कसोटी कोरसची, म्हणजे ग्रीक नाटकात एकत्र बोलणाऱ्या-गाणाऱ्या समूहाची. पंधरा जण, सगळे क्रेऑनच्या थीब्ज नगराचे वयोवृद्ध. राजाचं चुकतंय हे त्यांना दिसतं, तरी राजासमोर जीभ उचलत नाही. तरण्या पोरांनी हे भय आणायचं कुठून?

[दृश्य : शाळेचा व्यायामहॉल, तालीम]

शाळेनं बाहेरून बोलावलेल्या दिग्दर्शकानं आधी दाढ्या आणि काठ्या बाजूला ठेवायला लावल्या. मग मुलांना दाटीवाटीनं उभं केलं, डोळे मिटून, प्रत्येकाचा तळहात पुढच्याच्या पाठीवर. इशारा कुणी द्यायचा नाही. पाठी एकदम फुगल्या की पहिला शब्द. सुरुवातीला दोघं पुढे पळायचे, एक हमखास मागे राहायचा. हळूहळू पाठ ऐकायला लागली. आता दिग्दर्शक हॉलच्या पार टोकाला जाऊन बसतो आणि ओळीतलं शेवटचं अक्षर गिळलं गेलं की हात वर करतो.

पाठांतराला या मातीत फार जुना मान आहे. इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये अथेन्सचं सैन्य सिराक्यूजला हरलं. अथेन्सचा नाटककार युरिपिडीस याच्या ओळी म्हणून दाखवल्यामुळे काही कैद्यांची सुटका झाली, असं प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

[दृश्य : पुन्हा नाट्यगृह, शेवटची तालीम]

अंध भविष्यवेत्ता टायरेसियस शाप उच्चारून निघून गेलाय. क्रेऑन पहिल्यांदाच म्हाताऱ्यांना विचारतो, मी काय करू? मूळ नाटकात उत्तर देतो कोरसचा म्होरक्या. इथे दिग्दर्शकानं ते पंधराही जणांना दिलंय, आणि मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. जा, त्या मुलीला सोड, मेलेल्याला मूठमाती दे. इतका वेळ गप्प राहिलेले सगळे हे एका दमात म्हणतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

या ओळीआधीचा श्वास अजून नीट जुळलेला नाही. दिग्दर्शक पुन्हा घ्यायला सांगतो. खालच्या दारातून पहिले प्रेक्षक आत येऊ लागलेत.