नागनदीच्या पाण्यावरचा पालक

हे पाणी काळं दिसतंय ना, कॅमेऱ्यात काही गडबड नाहीये, ते आहेच तसं. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघालेली नागनदी नागपुरातून बाहेर पडेपर्यंत सगळ्या शहराचं सांडपाणी पोटात घेते, मग पिवळी नदी भेटते, पुढं कन्हान, वैनगंगा, आणि शेवटी गोसीखुर्दचं धरण.

आता काठावरचं हे वावर बघा. पहाटेच इंजिन सुरू झालंय, पायपाच्या जाळीला पन्न्या अडकतात म्हणून हा भाऊ मधून मधून पाण्यात उतरतो आणि हातानेच काढतो, हातमोजे वगैरे काही नाही. पाटाने पाणी वाफ्यात चाललंय, वर फेस. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळा. मे महिन्यात विहिरी आटतात, हे पाणी आटत नाही, त्यात नत्र-स्फुरद आयतंच असतं म्हणून युरियाचा खर्चही वाचतो, आणि पालक महिनाभरात कापायला येतो. शहराने घाण पाठवायची आणि बोल शेतकऱ्याला लावायचा, हे आम्हाला तरी पटत नाही.

कापणी झाली की बाया जुड्या बांधतात. आणि इथं नीट बघा, जुड्या धुतात त्या पण याच पाण्यात, ताज्या दिसाव्यात म्हणून. मग क्रेट छोट्या हत्तीत, आणि माल बाजारात.

या पाण्यातून हगवण-टायफॉइडचे जंतू येतात, जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात, अनवाणी पायातून अंकुशकृमी शिरू शकतो, आणि कारखान्यांच्या पाण्यात कॅडमियमसारखे धातू असले तर ते पानात उतरतात, धुवून-शिजवून जात नाहीत. पालक निदान शिजतो तरी, सांबार तर आपण तर्री-पोह्यावर कच्चाच टाकतो. कच्च्या खायच्या भाजीला देताना १०० मिलीलिटर पाण्यात विष्ठेतले जंतू १००० च्या वर नकोत, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ लाच सांगून ठेवलंय.

नागपुरातच भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध होतं, आणि ते पाणी पाईपलाईनने कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तिकडं जावं, आमचं काही म्हणणं नाही, पण तशीच एक लाईन या गावांच्या वावरांपर्यंतही आली पाहिजे. तोवर कापणीच्या आधी काही दिवस हे पाणी बंद ठेवलं तर उन्हाने बरेच जंतू मरतात, आणि जुड्या धुवायला विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी घेता येतं, त्याला कुठल्या मंजुरीची गरज नाही.