सेव्हिल: नारिंगांच्या गावातली पहिली भेट

सेव्हिलच्या कॅथेड्रलला लागून असलेल्या या चौकात नारिंगाची झाडे रांगेने लावलेली आहेत आणि फरसबंदीतून गेलेल्या अरुंद पाटांमधून प्रत्येक झाडाच्या आळ्यापर्यंत पाणी नेण्याची जुनी सोय अजून जागच्या जागी आहे. आठशे वर्षांपूर्वी हे मशिदीचे अंगण होते आणि नमाजापूर्वी लोक इथे हातपाय धूत असत. पुढे मशीद पाडली गेली, अंगण मात्र राहिले. झाडांवरची फळे संत्र्यासारखी दिसत असली तरी चवीला इतकी कडवट आणि आंबट असतात, की भर रस्त्यात पिकून पडली तरी कोणी उचलत नाही. त्यांचा खरा गिऱ्हाईक म्हणजे मार्मालेडचा मुरंबा करणारा इंग्रज. या फळाला इथे 'नारान्हा' म्हणतात. संस्कृतातला नारंग फारसीतून अरबीत गेला, तिथे त्याचा नारंज झाला आणि अरबांबरोबर झाड आणि नाव दोन्ही या भूमीत रुजले. त्यामुळे मराठी माणसाला या शहरात पहिल्याच चौकात आपल्या 'नारिंगी'चे सख्खे भावंड भेटते.

स्पॅनिश लोक ज्याला 'सेविया' म्हणतात ते हे पावणेसात लाख वस्तीचे शहर आंदालुसिया प्रांताची राजधानी आहे. 1992 मध्ये इथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने देशातली पहिली अतिवेगवान रेल्वे सुरू झाली आणि माद्रिदहून इथे पोहोचायला अडीच तास पुरेसे झाले. या सोयीचा तोटा असा, की पुष्कळ प्रवासी सकाळी येतात, तीन इमारतींसमोर छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. रोमन, अरब आणि कॅस्टिलियन राजवटींनी एकाच जागी एकावर एक चढवलेले हे शहर असे उभ्या उभ्या पाहण्यासारखे नाही. निदान तीन रात्री हाताशी असाव्यात, आणि पाहायच्या ठिकाणांची यादी शक्यतो लहान ठेवावी.

त्या यादीत हिराल्दा मनोरा पहिला. वर जायला पायऱ्या नाहीत, हे आत शिरल्यावर लक्षात येते. मनोऱ्याच्या चारी भिंतींना धरून एकामागून एक उतरत्या फरशीच्या चढणी वर जातात आणि प्रत्येक वळणावर भिंतीत क्रमांक लावलेला आहे. अजान देणाऱ्या मुअज्जिनाला दिवसातून पाच वेळा घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून ही रचना केली, असे सांगितले जाते. तीस क्रमांक ओलांडेपर्यंत पोटऱ्या बोलू लागतात, पण दम लागत नाही आणि मधल्या खिडक्यांतून शहर थोडे थोडे वर येताना दिसते. अल्मोहाद या मुस्लिम राजवटीत 1198 मध्ये पूर्ण झालेल्या या मिनाराच्या माथ्यावर 1568 मध्ये ख्रिस्ती घंटाघर चढवले गेले आणि त्याच्याही वर वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कांस्यमूर्ती बसवली गेली. ही मूर्ती 'श्रद्धे'ची आहे. जिकडे वारा तिकडे तोंड फिरवणारी श्रद्धा शहराच्या सर्वांत उंच जागी उभी करणाऱ्यांना त्यातली गंमत जाणवली होती की नाही, कोण जाणे.

खालचे कॅथेड्रल हे जगातले सर्वांत मोठे गॉथिक कॅथेड्रल मानले जाते. मशिदीच्या जागी ते उभारण्याचा निर्णय 1401 मध्ये झाला आणि बांधकाम शंभर वर्षांहून अधिक चालले. आतला भव्यपणा थोड्या वेळाने डोळ्यांना जड होतो. म्हणून एकाच गोष्टीपाशी थांबायचे असेल तर कोलंबसच्या समाधीपाशी थांबावे. कॅस्टिल, लिऑन, अरागॉन आणि नवार या चार राज्यांचे चार धातूचे दूत त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत. 1506 मध्ये वायादोलिद इथे मरण पावलेल्या या माणसाच्या अस्थी पुढे समुद्रापलीकडे सांतो दोमिंगोला आणि तिथून हवानाला गेल्या, आणि क्यूबा हातचा गेल्यावर 1899 मध्ये सेव्हिलला परतल्या. खरे अवशेष आमच्याकडेच आहेत, असे डोमिनिकन प्रजासत्ताक आजही म्हणते.

कोलंबसने ज्या भूमीला हिंदुस्थानचा भाग समजले, तिला स्पेनने पुढची तीन शतके 'इंडीज' म्हणूनच नोंदवले. त्या चुकीचे दप्तर कॅथेड्रलच्या शेजारीच आहे. तिसऱ्या कार्लोस राजाने 1785 मध्ये स्थापन केलेल्या इंडीज अभिलेखागारात अमेरिका आणि फिलिपिन्सच्या कारभाराची सुमारे आठ कोटी पाने जपलेली आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि बहुधा म्हणूनच प्रवासी त्याच्या दारावरून पुढे निघून जातात. या दप्तरात मिगेल दे सर्व्हांतेसचा, म्हणजे पुढे 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या कादंबरीकाराचा, 1590 मधला एक अर्जही आहे. अमेरिकेतल्या एखाद्या रिकाम्या पदावर आपली नेमणूक व्हावी, अशी त्याची विनंती होती, आणि इथेच काहीतरी शोधावे, असा शेरा मारून ती फेटाळण्यात आली. अर्ज निकाली काढणाऱ्या त्या कारकुनाचे स्पॅनिश साहित्यावर केवढे उपकार आहेत, हे वेगळे सांगायला नको.

समोरच्या तटबंदीच्या आत आल्कासार हा राजवाडा आहे. त्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते आधीच काढून ठेवावे लागते, नाहीतर उन्हात रांगेत उभे राहून सकाळ वाया जाते. हा वाडा अरबी दिसतो, पण त्याचा मुख्य भाग पहिल्या पेद्रो या ख्रिस्ती राजाने 1364 पासून बांधून घेतला. त्याने कारागीर बोलावले ते तोलेदोचे, ग्रानादाचे आणि सेव्हिलचे. शत्रूचे राज्य घेतले तरी शत्रूच्या गवंड्याची सर आपल्याला नाही, हे त्याला कळत होते. त्यामुळे ख्रिस्ती राजाच्या दर्शनी भिंतीवर, 'अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही' हे ग्रानादाच्या सुलतानांचे ब्रीद कूफी या जुन्या अरबी लिपीत कोरलेले आहे. गिलाव्यातली जाळी इतकी बारीक आहे की लांबून ती कापडासारखी वाटते. जवळ जाऊन भिंतीचा खालचा भाग पाहिला तर चकचकीत फरशीचे लहान लहान तुकडे कापून, एकमेकांत अडकवून, चांदणीची नक्षी बसवलेली दिसते. एकही तुकडा रंगवून दुसऱ्यासारखा केलेला नाही. प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा घडवलेला आहे.

राजदूतांच्या दालनात आले की मान वर करावी. 1427 मध्ये बसवलेल्या लाकडी सोनेरी घुमटाला इथले लोक 'मेदिया नारान्हा', म्हणजे अर्धे नारिंग म्हणतात. फळ आडवे कापून पालथे घालावे तसाच त्याचा आकार आहे. याच वाड्यात 1526 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचे लग्न पोर्तुगालच्या इसाबेलशी झाले. जिच्या वडिलांच्या कारकिर्दीत, 1510 मध्ये, पोर्तुगिजांनी गोवा जिंकले, तीच ही राजकन्या.

दुपारी दोननंतर शहर मिटते. जुलै आणि ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, गल्ल्यांवर एका छतापासून दुसऱ्या छतापर्यंत कापडी पडदे ताणले जातात आणि दुकानांची दारे खाली येतात. 2022 पासून इथे उष्णतेच्या लाटांना वादळांसारखी नावेही देऊ लागले आहेत. अकोल्याचा किंवा चंद्रपूरचा उन्हाळा काढलेल्यांना या उन्हाचे नवल वाटणार नाही, पण दुपारच्या झोपेला समाजमान्यता आहे, याचे नक्की वाटेल. मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलमध्ये आल्यास हा त्रास नसतो आणि नारिंगाच्या फुलोऱ्याचा वास रस्तोरस्ती भरलेला असतो. मात्र त्याच सुमारास ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या मिरवणुका आणि पाठोपाठ एप्रिलची जत्रा येते. 1847 मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झालेल्या या जत्रेतले बहुतेक मांडव खासगी असतात आणि ओळखीवाचून आत प्रवेश मिळत नाही. पहिल्याच भेटीत त्या गर्दीत शिरण्याची घाई करू नये.

दुपार ओसरताना सान लेआंद्रोच्या मठात जावे. इथल्या जोगिणी बाहेरच्या जगाला दिसत नाहीत. भिंतीत एक लाकडी फिरते कपाट बसवलेले असते. घंटा वाजवायची, पलीकडून आवाज आला की काय हवे ते सांगायचे आणि कपाटात पैसे ठेवायचे. कपाट फिरते आणि पैशांच्या जागी मिठाईचे खोके येते. आत 'येमास' असतात, म्हणजे अंड्याचा बलक आणि साखर यांचे मऊ, टोकदार गोळे. बेबिंका खाऊन वाढलेल्या गोयंकाराला बलकाच्या गोडाची ही तऱ्हा ओळखीची वाटेल. एका वेळी एकच पुरतो.

प्लाझा दे एस्पान्या टाळता येत नाही आणि टाळूही नये. 1929 च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेसने रचलेले हे विटा आणि रंगीत फरशांचे अर्धवर्तुळ छायाचित्रांत जसे दिसते अगदी तसेच आहे, त्यामुळे तासाभरात पाहून होते. उरलेली संध्याकाळ नदीसाठी राखावी.

या नदीचे नाव ग्वादालकिविर. अरबीत 'वादी अल-कबीर' म्हणजे मोठी नदी. समुद्र इथून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर आहे, तरीही 1503 पासून अमेरिकेचा सगळा व्यापार कायद्याने याच बंदरातून चाले. काठावरच्या बारा कोनांच्या 'तोर्रे देल ओरो', म्हणजे सोन्याच्या बुरुजासमोरून 10 ऑगस्ट 1519 रोजी मॅगेलनची पाच जहाजे निघाली. मॅगेलन मूळचा पोर्तुगीज, आणि त्याआधी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आरमारात लढलेला. तो स्वतः परतला नाही. तीन वर्षांनी, 8 सप्टेंबर 1522 रोजी, पृथ्वीप्रदक्षिणा करून एकच जहाज लवंगांचा माल घेऊन सेव्हिलला लागले आणि त्यावर 18 माणसे होती. दुसऱ्या दिवशी ती माणसे अनवाणी, हातात मेणबत्त्या घेऊन, नवस फेडायला चर्चकडे चालत गेली. बुरुजापाशी क्षणभर थांबून त्या अठरा जणांची चाल डोळ्यांसमोर आणली, तर आतले नौदलाचे संग्रहालय पाहिले नाही तरी चालेल.

पलीकडचा काठ म्हणजे त्रियाना. 1171 पासून 1852 पर्यंत, म्हणजे जवळजवळ सातशे वर्षे, नावा एकमेकींना बांधून केलेल्या पुलावरूनच लोक इकडून तिकडे जात. आजचा लोखंडी पूल त्यानंतरचा. पूल उतरताच भाजीमंडई लागते आणि तिच्या खाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत. 1481 पासून स्पॅनिश इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचा ठपका ठेवून लोकांना शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाचे, ठाणे याच किल्ल्यात होते. गोव्यात 1560 मध्ये पोर्तुगिजांनी जे इन्क्विझिशन सुरू केले, त्याची पद्धत ज्या घरातली, ते हे घर. वर टोमॅटोचे ढीग आणि खाली कोठड्या, असा हा बाजार आहे.

कुंभारांची, खलाशांची आणि हितानो म्हणजे जिप्सी कुटुंबांची ही वस्ती फ्लामेंको या गाण्या-नाचाच्या कलेच्या पाळण्यांपैकी एक. या लोकांचे पूर्वज वायव्य हिंदुस्थानातून निघाले होते, आणि याची साक्ष त्यांच्या बोलीत उरली आहे: पाण्याला ते 'पान्यी' म्हणत. ज्यांच्यामुळे त्रियानाचे नाव झाले, त्यांतल्या बहुतेक कुटुंबांना विसाव्या शतकाच्या मध्यात शहराच्या कडेच्या वसाहतींत हलवण्यात आले, ही गोष्ट पर्यटकांच्या पत्रकांत क्वचितच असते. कथ्थकातूनच फ्लामेंको निघाला, असे आपल्याकडे बरेचदा ठासून सांगितले जाते. तेवढा पुरावा नाही. पण ताल मोजून पाहावा. सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते, एकतालासारखे; मात्र जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडतो, म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन असे तुकडे पडतात. बोटांवर मोजत बसलेला माणूस दुसऱ्या आवर्तनात हमखास चुकतो.

म्हणून जेवणासहित मोठा खेळ घेण्यापेक्षा पन्नास-साठ खुर्च्यांची, ध्वनिवर्धक नसलेली जागा निवडावी आणि पुढच्या रांगेत बसावे. गाणारा बसल्या जागी गुडघ्यावर मूठ आपटतो, नर्तकीच्या टाचेखाली फळी दबल्याचा आवाज वेगळा येतो, आणि टाळ्या देणारे दोघे एकमेकांच्या मधल्या रिकाम्या जागा भरत जातात. प्रेक्षकांनी त्या टाळ्यांत आपल्या टाळ्या मिसळू नयेत. ते काम जाणकारांचे आहे. दाद द्यावीशी वाटली तर 'ओले' म्हणावे, समेवर 'क्या बात है' म्हणतो तसे.

तिथून बाहेर पडेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात आणि सेव्हिलची जेवणाची वेळ नुकती होत असते. एल रिंकोन्सियो हे 1670 पासूनचे खाद्यगृह सांता कातालिना चर्चजवळ, जुन्या शहरात आहे. तिथे टेबल मिळण्याची वाट पाहू नये. लाकडी काउंटरपाशी उभे राहून लहान लहान बशा मागवाव्यात. शाकाहारी माणसासाठी 'एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस' हा पालक-छोल्यांचा पदार्थ आहे. त्यात लसूण, जिरे आणि घट्टपणासाठी तळलेल्या पावाचे वाटण असते आणि पहिल्या घासाला घरची पालकाची पातळभाजी आठवते. इतर भाज्या मागवताना मात्र 'सिन हामोन', म्हणजे डुकराचे मांस नको, हे स्पष्ट सांगावे, कारण त्याचे चार तुकडे वरून टाकले म्हणून भाजी मांसाहारी होते, असे इथे कोणाला वाटत नाही.

वाढपी प्रत्येक बशीचा आकडा खडूने काउंटरच्या लाकडावर, आपल्या समोरच, लिहीत जातो. निघताना तो बेरीज करतो, पैसे घेतो आणि ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्यात हिशेब पुसून पुढच्या गिऱ्हाइकासाठी जागा करतो.