व्हीपीएन जोडलं की नेट कुठं जातं?

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा मंगळवार पेठेत घरी बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारी मुलं-मुली आता घरोघरी आहेत. त्यांची एक तक्रार ठरलेली: व्हीपीएन, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट, जोडलं की कंपनीचं काम चालतं, बाकीचं नेट बंद. मग केबलवाल्याला फोन. तो येऊन राउटर बंद-चालू करून जातो. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतोच.

व्हीपीएन जोडलं की लॅपटॉपच्या रूटिंग टेबलमध्ये, म्हणजे कुठला डेटा कुठून जाणार याच्या यादीत, नव्या वाटा लिहिल्या जातात. काही कंपन्या फक्त आपल्या सर्व्हरची वाट टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या बोगद्यातून, नेतात, ते स्प्लिट टनेल. काही कंपन्या सगळंच नेतात, ते फुल टनेल. म्हणजे राजारामपुरीतून शाहूपुरीला जायचं, पण पुण्याला वळसा घालून! तिथं कंपनीच्या फायरवॉलनं, म्हणजे नेटवरच्या पहारेकऱ्यानं, अडवलं, तर तो बिघाड नव्हे, कंपनीचा नियम आहे. त्याच्याशी घरून झगडू नका.

व्हीपीएन तोडल्यावर नेट चालतं ना, एवढी खात्री करून पुन्हा जोडा. कमांड प्रॉम्प्टमध्ये गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं आणि तरी साइट नावानं उघडत नसेल, तर वाट शाबूत आहे, घोटाळा बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत आहे. तिथंच एनएसलुकअप ही कमांड दिली की नाव शोधून देणारा सर्व्हर कोणता, हे पहिल्याच ओळींत दिसतं. उत्तर नाही आलं तर मात्र घाई नको, पुष्कळ कंपन्या पिंगच अडवतात.

इथं एक कळकळीनं सांगतो. ‘डीएनएस बदलून टाक’ हा सल्ला जो तो देतो. कंपनीच्या लॅपटॉपवर तो पाळू नका. कंपनीच्या आतल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या डीएनएसला ठाऊकच नसतात, आणि मग चालतं ते कामही बंद पडतं.

याच्या उलट दुखणंही असतं: नेट चालतं, कंपनीचा एखादाच सर्व्हर सापडत नाही. तेव्हा घरच्या राउटरचा पत्ता बघा. तो १९२.१६८.१.१ असेल आणि ऑफिसातही पत्त्यांची तीच मालिका (१९२.१६८.१ ने सुरू होणारी) असेल, तर लॅपटॉप तो सर्व्हर घरातच शोधत बसतो. खासगी नेटवर्कसाठीच्या तीन मालिका इंटरनेटच्या नियमांच्या १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात दिल्या आहेत, आणि जगभर सगळे त्याच वापरतात. टक्कर होणारच. घरची मालिका १९२.१६८.७३ अशी काहीतरी वेगळी करून घ्या.

छोटी पानं उघडतात आणि मोठी अर्ध्यात अडकतात, असं झालं तर पॅकेटचा, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या एकेका गठ्ठ्याचा, आकार तपासा. इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटची मर्यादा. राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून जोडणी होते, त्या पीपीपीओईत ८ बाइट जातात, वर व्हीपीएनचं वेष्टण चढतं. मग मोठं पॅकेट वाटेत गळतं. एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा, १४०० च्या खाली आणला की बऱ्याचदा सुटतं, पण कंपनीच्या मशीनवर तो आकडा आयटीवाल्यांनाच बदलू द्या. त्यांना फोन करताना ‘नेट चालत नाही’ म्हणू नका. पिंगला काय आलं, डीएनएस कोणता दिसला, घरची मालिका कोणती, एवढं लिहून पाठवा.