गेजचा काटा 43 वर होता, तरी पिस्टन गेला

(दृश्य: टेबलावर उघडलेला पिस्टन, कॅमेरा अगदी जवळ)

हा पिस्टन नीट बघा. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बाजूची कड बघा, मेणबत्तीचं मेण ओघळावं तसं ॲल्युमिनियम ओघळलंय, वरची रिंग जागच्या जागी चिकटून बसलीय, आणि हा त्याच सिलिंडरचा प्लग, याच्या पांढऱ्या भागावर मोहरीपेक्षाही बारीक चकचकीत गोळे दिसतायत ना, ते पिस्टनचंच ॲल्युमिनियम आहे. टर्बो बसवलेली बाईक, साधारण 300 हॉर्सपॉवरची. आणि आदल्याच संध्याकाळी आम्ही तिचं फ्युएल प्रेशर चेक केलं होतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि थ्रॉटल सोडलेला असताना, 43 पीएसआय (दाब मोजायचं एकक), काटा एकदम स्थिर. "पंप ओके आहे" असं मीच म्हणालो होतो, आणि ते वाक्य मला आजही बोचतं.

43 हा आकडा खोटा नव्हता. फक्त तो आयडलचा होता, आणि आयडलला इंजिन पितं किती, थेंब थेंब. अर्धा मेलेला पंपसुद्धा तेवढं आरामात पुरवतो.

(दृश्य: टाकी वर उचललेली, खाली इंजेक्टर आणि रेल)

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल बहुतेक वेळा टाकीतून आपल्या वजनानं खाली उतरायचं, प्रेशरचा फारसा प्रश्नच नव्हता. 1980 ची कावासाकी झेड1000एच, 1982 ची होंडा सीएक्स500 टर्बो, या गाड्यांपासून मोटरसायकलवर इंजेक्शन, म्हणजे प्रेशरनं पेट्रोल फवारणं, आलं आणि सगळा भार पंपावर गेला. कारण इंजेक्टर बिचारा काही मोजत नाही, तो फक्त उघडतो आणि बंद होतो. किती मिलिसेकंद उघडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सांगतो, आणि ते सांगताना ईसीयूनं धरलेलं असतं की मागे प्रेशर ठरलेलं आहे. ते कमी झालं तर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला पत्ताच लागत नाही, कारण फ्युएल प्रेशरचा सेन्सरच नसतो.

आता थोडा हिशोब, कंटाळू नका. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. आमच्या गाडीला 12 पीएसआय बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचं जास्तीचं प्रेशर, होता. बूस्ट इंजेक्टरच्या तोंडावर उलटा दाबतो, म्हणून रेग्युलेटरला, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर ठरल्या आकड्यावर धरणाऱ्या भागाला, एअरबॉक्सची (इंजिनाला हवा देणाऱ्या डब्याची) नळी जोडलेली असते, जेवढा बूस्ट वाढेल तेवढंच रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतलं प्रेशर, वाढायला पाहिजे, म्हणजे 43 अधिक 12, 55. ते 55 न होता 43 वरच राहिलं तर इंजेक्टरला खरं प्रेशर मिळतं 31, आणि पेट्रोल पडतं साधारण 15 टक्के कमी. हवा-पेट्रोलचं प्रमाण जिथं साडेअकरा ठेवलंय तिथं ते साडेतेराच्या वर जातं, टर्बोच्या इंजिनला फुल बूस्टमध्ये एवढं लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, झालं की डेटोनेशन, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं, आणि मग हा पिस्टन. सगळं दोन-चार सेकंदांत. आणि लीन होताना गाडी क्षणभर छान खेचते कधी कधी, म्हणून चालवणाऱ्याला कळतही नाही.

(दृश्य: गेज आणि टी जॉइंट)

टेस्ट कशी करायची ते दाखवतो. आधी लाइनमधलं प्रेशर उतरवा, पंपाचा कनेक्टर काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं आणि मगच नळी सोडायची, खाली फडकं धरून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर साचते, त्यामुळे दारं उघडी, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, आणि जवळ ठिणगी पडेल असं काहीच नको. यात हयगय करणाऱ्याबरोबर मी काम करत नाही.

टाकीकडून येणारी नळी आणि रेल यांच्यामध्ये टी जॉइंट टाकून गेज लावायचा. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, काटा झटकन वर गेला पाहिजे. बहुतेक गाड्यांना 43 च्या आसपास, काहींना 50 पर्यंत, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. चावी बंद केल्यावर काटा लगेच धपकन शून्यावर आला तर पंपाचा चेक व्हॉल्व, रेग्युलेटर नाहीतर गळका इंजेक्टर, यापैकी एक. इथपर्यंत सगळे करतात आणि बहुतेक जण इथंच थांबतात, आम्ही पण थांबलो होतो.

खरी टेस्ट लोडवर. गेज डोळ्यासमोर बांधून रस्त्यावर फुल थ्रॉटल मारायची कल्पना सोडून द्या, नजर काट्यावर ठेवून एवढी ताकदवान बाईक चालवणं धोक्याचं आहे. डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर चालवायच्या मशीनवर, करा, किंवा इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावून लॉगिंग करा. 100 पीएसआयचा साधा सेन्सर शून्याला अर्धा व्होल्ट देतो आणि 100 ला साडेचार, म्हणजे 43 ला साधारण 2.2 व्होल्ट. त्याचा ग्राफ आरपीएम आणि बूस्टच्या ग्राफखाली ठेवला की काही लपत नाही. टॉप गिअरमध्ये ओढ घ्यायची, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन इतक्या पटकन वर जातं की पंपाची दमछाक व्हायच्या आधीच शिफ्ट होतो.

(दृश्य: मापाचा जार, स्टॉपवॉच)

प्रेशर झालं, आता फ्लो, ही वेगळी गोष्ट आहे आणि गोंधळ इथंच होतो. किती लागतं ते आधी काढा. टर्बो नसलेल्या इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 225 ते 230 ग्रॅम पेट्रोल धरतात, म्हणजे 200 हॉर्सपॉवरला मिनिटाला अंदाजे एक लिटर. टर्बो आणि सुपरचार्जरवाले जास्त पितात, 280 ग्रॅम धरा. त्या हिशोबानं आमच्या 300 हॉर्सपॉवरला दहा सेकंदात 310 मिली तरी हवं, वर थोडी शिल्लक पाहिजेच.

पण नळी नुसती जारमध्ये सोडून मोजू नका! मोकळ्या नळीतून कुठलाही पंप धो धो ओततो, समोर अडवायला काही नसतं ना. मोजायचं ते प्रेशरवर. रिटर्न लाइनची, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीची, सिस्टिम असेल तर सोपं आहे, इंजिन बंद, पंप चालू, रेग्युलेटरच्या नळीला हातपंपानं 12 पीएसआय हवा द्या, गेज 55 दाखवेल, आणि रिटर्नची नळी जारमध्ये. ज्यांचा रेग्युलेटर टाकीतच आहे त्यांनी गेजच्या पुढं छोटा व्हॉल्व बसवून तो हळूहळू आवळत काटा 40 च्या आसपास आणायचा, रेग्युलेटरच्या आकड्यापर्यंत जायचं नाही, नाहीतर तो पेट्रोल आतल्या आत परत सोडायला लागतो आणि पंप उगाच कमजोर वाटतो.

आमच्या गाडीचा जार भरला 220 मिलीपर्यंत. 310 पाहिजे आणि 220. सगळे म्हणाले पंप गेला, नवीन मागवा.

(दृश्य: मल्टिमीटर, पंपाचा कनेक्टर)

मला एक शंका होती. पंप म्हणजे शेवटी मोटर, व्होल्ट कमी तर चक्कर कमी, आणि प्रेशर जास्त असताना हा फरक अजूनच मोठा दिसतो. बॅटरीला चार्जर लावून 13.5 व्होल्ट धरले, इंजिन चालू असताना जेवढे असतात जवळपास तेवढे, आणि पंप चालू ठेवून त्याच्या कनेक्टरवर मोजलं. 11.1. म्हणजे जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच खाल्ले, जिथं अर्धा व्होल्टसुद्धा मी जास्त मानतो. लक्षात घ्या, पंप चालू असतानाच मोजायचं, कनेक्टर काढून मोजलं तर मीटर बॅटरीएवढेच व्होल्ट दाखवतो आणि तुम्ही चुकीच्या वाटेला लागता.

मग थेट बॅटरीवरून जाड वायर टाकून तोच पंप, तोच फिल्टर, तेच 55 पीएसआय, परत दहा सेकंद. 340 मिली.

पंपाला काही झालंच नव्हतं. कनेक्टर उघडला तर ही पिन बघा, बाजूची पिवळी चकचकीत आहे आणि ही तपकिरी, प्लास्टिक पण आजूबाजूला मऊ होऊन थोडं बसलंय, नखानं दाबलं तर खूण उमटते. मूळ पंपासाठी बनवलेली पिन, तिच्यातून मोठ्या पंपाचा करंट जात होता, सात अँपिअरच्या आसपास, तापली, ढिली पडली, ढिली पडली म्हणून अजून तापली.

जार कमी भरला पण व्होल्ट बरोबर असते तर पुढं कुठं बघायचं तेही सांगतो, कारण प्रत्येक गाडीत पिनच असेल असं नाही. टाकीत पंपाला जोडलेली आतली छोटी नळी चिरते, तिचं पेट्रोल टाकीतच परत पडतं, बाहेर एक थेंब दिसत नाही, अशा वेळी करंट कमी आणि प्रेशरही कमी येतं. पुढचा बारीक फिल्टर तुंबला तर पंपाला जोर लावावा लागतो, करंट चढतो. आणि टाकीच्या झाकणाची हवेची वाट बंद असेल तर दहा मिनिटं गाडी झकास चालते, मग मिसिंग, झाकण उघडलं की फुस्स आवाज आणि परत झकास, ही खूण लक्षात ठेवा, पंप बदलायचे पैसे वाचतील.

(दृश्य: डायनो, स्क्रीनवर ग्राफ)

आम्ही पंपाला वेगळी जाड वायर दिली, रिले दिला, पिन बदलली, अर्थ थेट बॅटरीवर नेला. पिस्टन नवे, रिंगा नव्या. पहिली ओढ मुद्दाम कमी बूस्टवर, 6 पीएसआय, रेल प्रेशर 49 हवं, 49 आलं. मग 9. मग 12, टॉप गिअर, फुल थ्रॉटल. वरची रेषा बूस्टची, खालची रेल प्रेशरची, दोन्ही बरोबरीनं चढतायत बघा. 55. आरपीएम दहा हजारांच्या वर गेले तरी 55, अगदी शेवटी जरा 54. थ्रॉटल सोडला, आणि दोन्ही रेषा एकत्रच खाली उतरल्या.