टिकायचं कुठे, फुटायचं कुठे

(दृश्य : काचेची छोटी बाटली, तळाशी पूड)

बाटलीतली ही पूड पांढरी वाटते. उजेडात धरली की किंचित गुलाबी झाक दिसते. हिचं नाव टेमोझोलोमाइड. ग्लायोब्लास्टोमा हा मोठ्या माणसांच्या मेंदूत होणारा अत्यंत आक्रमक कर्करोग. त्यावर शस्त्रक्रिया आणि रेडिएशनच्या जोडीला जगभर हेच औषध देतात. रुग्ण कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतो. सलाइनसुद्धा लागत नाही.

(दृश्य : ऑपरेशन थिएटर, दिवे मंद होतात, निळा प्रकाश)

आता हे पाहा. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला एक द्रव प्यायला दिलेला असतो. निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकायला लागते. सर्जन चमकणारा भाग जमेल तितका काढत जातात. पण काही पेशी गाठीपासून दूर, निरोगी दिसणाऱ्या मेंदूत कधीच सरकलेल्या असतात. त्या चमकत नाहीत आणि तिथे सुरी चालवता येत नाही. तिथवर पोचायचं तर रेणूनेच.

(दृश्य : पाण्यात पसरणारा निळा रंग, नंतर केशवाहिन्यांचं सूक्ष्मदर्शकातलं चित्रण)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. १९१३ मध्ये एडविन गोल्डमान यांनी उलटं करून पाहिलं आणि रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. मधे काहीतरी आडवं येत होतं. ते हे : मेंदूतल्या केशवाहिनीची भिंत. तिच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की बहुतेक औषधं या भिंतीशीच अडून राहतात.

(दृश्य : फळा, खडूने उमटत जाणारी रेणूची आकृती)

टेमोझोलोमाइडची गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला, ॲस्टन विद्यापीठात, १९८० च्या आसपास. माल्कम स्टीव्हन्स तिथे रसायनशास्त्राचे संशोधक होते. त्यांना कुतूहल होतं ते काहीशा विचित्र कड्यांचं, ज्यांत नायट्रोजनचे अणू एकाला एक लागून बसतात. असं कडं ताणलेल्या धनुष्यासारखं असतं. निमित्त मिळालं की सुटतं. या कड्याचा मेंदूशी काही संबंध येईल, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण संशोधनासाठी पैसे मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो : याचा उपयोग काय?

त्यांच्या गटाने आधी बनवला तो रेणू मायटोझोलोमाइड. उंदरांमधल्या गाठींवर तो विलक्षण चालला. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र त्याने अस्थिमज्जेवर घाव घातला. कुणाच्या प्लेटलेट किती खाली जातील, याचा भरवसा राहिना. तो रेणू सोडून द्यावा लागला.

कडं तेच ठेवून त्यांनी फक्त शेपूट बदललं. क्लोरीन असलेलं लांब शेपूट गेलं आणि तिथे आला मिथाइल : एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. पहिल्यांदा हा रेणू बनवताना वापरलेलं रसायन होतं मिथाइल आयसोसायनेट. भोपाळच्या त्या रात्रीपासून हे नाव ऐकलं तरी आपल्या अंगावर काटा येतो. त्याच रसायनाचा तुकडा या औषधात बसलेला आहे.

नव्या संयुगाला नाव नव्हतं, क्रमांक होता : सीसीआरजी ८१०४५.

(दृश्य : ॲनिमेशन, जठर ते रक्त ते मेंदू)

जठरातल्या आम्लात हा रेणू शांत पडून असतो, म्हणून तो गिळता येतो. रेणुभार अवघा १९४, त्यामुळे केशवाहिनीची ती घट्ट भिंतही त्याला ओलांडता येते. रक्तात आणि मेंदूत पीएच ७.४ च्या आसपास असतो. तिथे साधं पाणीच त्याचं कडं फोडतं. त्यासाठी एन्झाइम लागत नाही की यकृताची मदत लागत नाही. दोनेक तासांत निम्मे रेणू फुटलेले असतात. धनुष्य सुटतं आणि मिथाइलचा बाण डीएनएत जाऊन रुततो.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक ग्वानीन. त्याच्या सहाव्या जागेवरच्या ऑक्सिजनला मिथाइल चिकटला की ग्वानीन आपला जोडीदार विसरतो. सायटोसीनला सोडून थायमीनशी जोडी जमवतो. मग पेशीतले दुरुस्ती करणारे कारागीर धावतात. चूक थायमीनची समजून त्याला उपटतात, पण खरा डाग समोरच्या ग्वानीनवर असतो, म्हणून त्या जागी पुन्हा थायमीनच येऊन बसतो. उपटा, बसवा, उपटा, बसवा. या खटाटोपात शेवटी डीएनएचा धागाच तुटतो आणि पेशी मरते.

(दृश्य : जुन्या पद्धतीचे सीटी स्कॅन, एकामागून एक)

१९८७ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात एडवर्ड न्यूलँड्स यांनी हे औषध माणसांना द्यायला सुरुवात केली. सगळा डोस एकदम दिला तेव्हा फारसं काही हाती लागलं नाही. तोच डोस पाच दिवसांत वाटून दिला आणि स्कॅनवर गाठी आकसताना दिसू लागल्या. आजही रेडिएशन संपल्यावर दर २८ दिवसांतले पाच दिवस हे औषध देतात.

२००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. नुसतं रेडिएशन घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, १२.१ महिने, सोबत टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांचं १४.६. दोन वर्षांनी हयात होते १०.४ टक्के आणि २६.५ टक्के. गाठ बहुतेकांमध्ये परतते.

(दृश्य : गोठवलेले नमुने, शीतपेटीतून उठणारी वाफ)

शीतपेटीत ठेवतात ते असे, रुग्णांच्या गाठींचे तुकडे. त्याच चाचणीतल्या २०६ गाठी मोनिका हेगी यांच्या गटाने तपासल्या. त्यांचं लक्ष होतं एमजीएमटी या प्रथिनाकडे. हे प्रथिन ग्वानीनवरचा मिथाइल उचलतं, स्वतःवर घेतं आणि त्यातच निकामी होतं. एक डाग, एक बळी. ज्या गाठींमध्ये हे प्रथिन भरपूर, तिथे औषधाची मेहनत धुतली जाते. सुमारे ४५ टक्के गाठींमध्ये मात्र त्याचा जनुक गप्प केलेला निघाला, आणि गप्प करणारी खूण होती पुन्हा मिथाइलचीच. अशा रुग्णांना टेमोझोलोमाइड मिळालं तेव्हा मध्यक आयुष्य २१.७ महिन्यांवर गेलं. औषध कुणाला लागू पडेल, हे गाठीतली ही खूण पाहून सांगता येऊ लागलं ते इथून.

(दृश्य : हातमोजे घातलेले हात, फिरणारा फ्लास्क)

आणखी एक चोरवाट आहे. उपचार लांबले की काही गाठी ते दुरुस्तीचे कारागीरच हरवून बसतात. उपटा-बसवा थांबतं, धागा तुटत नाही, पेशी जगते. २०२२ मध्ये येल विद्यापीठातल्या रणजित बिंद्रा आणि सेथ हर्झन यांच्या गटाने यावर केएल-५० नावाचा रेणू मांडला. तो ग्वानीनवर जो डाग टाकतो, त्यातून डीएनएचे दोन्ही धागे हळूहळू एकमेकांना जखडले जातात, त्याला कारागिरांची गरज पडत नाही. एमजीएमटी गप्प असलेल्या गाठीला तो डाग पुसता येत नाही. निरोगी पेशीला मात्र तेवढ्या वेळात एमजीएमटीकडून डाग पुसून घेता येतो. उंदरांमध्ये, टेमोझोलोमाइडला न जुमानणाऱ्या अशा गाठींवर तो चालला.

(दृश्य : पुन्हा तोच फळा)

त्याची ही आकृती. कडं बर्मिंगहॅमचंच. शेपूट सोडून दिलेल्या मायटोझोलोमाइडचं, फक्त क्लोरीन पुसून त्या जागी फ्लोरीन लिहिलेला.